सोळा अंशांवरच्या माश्या

मे महिन्यात ठाण्याच्या कॉलेजमधलं आमच्या लॅबचं थंड कपाट बंद पडलं. मेकॅनिक सोमवारी येणार होता, आणि आत माझ्या एम.एस्सी.च्या फळमाश्या होत्या, नळ्यांमध्ये नुकत्याच अळ्या झालेल्या. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या ठेवून मी त्या मानपाड्याला घरी आणल्या. आमच्याकडे एसी नव्हता. शेजारच्या काकूंकडे होता, लेकीने बसवून दिलेला. काकू तो चोवीसच्या खाली कधी आणत नसत.

"काकू, दोन दिवस सोळावर ठेवाल?"

"सोळा? अगं, माझे गुडघे धरतात. आणि तेही माश्यांसाठी?"

मी पलंगावर बसून समजावलं. पेशीत जनुकाची आधी एक नक्कल निघते, आरएनए. ती कापून पुन्हा जोडली जाते. एकाच जनुकाची नक्कल मादीत एका तऱ्हेने जोडतात, नरात दुसऱ्या, आणि त्यावरून शरीर ठरतं. माझ्या माश्यांमध्ये मादीची जोडणी करवणारं प्रथिन कच्चं होतं. उकाड्यात ते कामच करत नसे.

"मग गं?"

"मादी व्हायची ती नर होते. दिसायला अगदी नर, पण तिच्यापासून पुढे पिल्लं नाहीत. सगळ्याच तशा झाल्या की वाण संपला."

काकू नळीतल्या अळ्यांकडे बघत राहिल्या. "म्हणजे गरम झालं म्हणून मुली व्हायच्याच राहणार?" त्यांनी रिमोट उचलला, मग कपाटातून शाल काढली.

खोली एकोणीसच्या खाली उतरेना. मी घाबरलेले. काकूंनी खिडकीला चादर लावली, स्वतःचं जेवणखाण बाहेर हलवलं आणि भेटायला आलेल्या नणंदेलाही आत येऊ दिलं नाही.

सोमवारी नळ्या दुरुस्त कपाटात परत गेल्या. पुढे कोशांतून माश्या बाहेर पडल्या तेव्हा मी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तपासली. नराच्या पोटाचं टोक काळं असतं, पुढच्या पायावर बारीक कंगवा असतो. काही माश्या अधल्यामधल्या निघाल्या. पण बऱ्याच निखळ माद्या होत्या, आणि त्यांनी अंडी घातली. त्यांच्या आरएनएतही मादीची जोडणी स्वच्छ दिसली. मी तिथेच स्टुलावर बसून रडले आणि काकूंना फोन लावला.

पुढच्या आठवड्यात त्या बसने एकट्या कॉलेजात आल्या. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "कोणाकडे?"

"माश्यांकडे," काकू म्हणाल्या.

लॅबमध्ये बराच वेळ त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभ्या होत्या. मागे लॅबमधल्या दोघीजणी आपल्या पाळीसाठी थांबलेल्या, पण कोणीच घाई केली नाही.