आडवं जू

गावात उंदीर पडायला लागले की आम्ही घरं सोडून रानात जायचो. नातवंडांना हे सांगितलं की हसतात. म्हणतात, उंदराला भिऊन अख्खं गाव पळालं, आजी? पळालं बाबांनो. घरात उंदीर तडफडून मेला की मागोमाग माणूस जायचं. प्लेगच तो. काखेत नाहीतर जांघेत गाठ, अंगात ताप, की झालं. सुगी उरकलेली असायची, भाताची खाचरं मोकळी. तिथे पेंढ्याच्या खोपी घालून राहायचं. कुसगावच्या वरच्या अंगाला, डोंगराखाली आमच्या खोपी होत्या. घाट चढणाऱ्या आगगाडीची धाप तिथपर्यंत ऐकू यायची. मी सात-आठ वर्षांची असेन तेव्हा.

तिथे एक रीत होती. दोन धोंड्यांवर बैलाचं जू आडवं ठेवलेलं. सकाळी भाकरीला हात लावायच्या आधी ज्याने त्याने ते सगळ्यांसमोर ओलांडायचं. जांघेत गाठ असली की पाय वर उचलत नाही, म्हणून ही तपासणी. कुणाच्या डोक्यातून निघाली होती कोण जाणे. ज्याला ओलांडता आलं नाही, त्याची रवानगी ओढ्यापलीकडच्या खोपीत. तिकडे गेलेलं माणूस चालत परत आलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी खोपीभोवती करवंदीचं कुंपण घालताना आईच्या टाचेत काटा मोडला. सुईने काढायला गेली तर आणखी आत गेला. दुसऱ्या दिवशी टाच टरारून सुजली आणि जांघेत अवधाण आलं. पायाला जखम झाली की जांघेत गाठ धरते ना, तेच. एरवी त्याला कोण विचारतो? गरम विटेने शेकलं की बसतं. पण त्या दिवसांत गाठ म्हणजे गाठ.

दिवेलागणीला मी खोपीत गेले तर आई पीठ मळायची काठवट उभी करून ती ओलांडून बघत होती. पाय उचलायची, ओठ चावायची, पुन्हा खाली ठेवायची. मला बघून म्हणाली, "काटाच हाय गं. कुनाला बोलू नगंस." मी मान हलवली. पण खरं सांगू? मला तिच्याजवळ झोपायची भीती वाटली. आईची भीती वाटते म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याने ते जाणून घेऊही नये.

सकाळी एकेक जण जू ओलांडत गेला. चुलती टुणकन गेली. मागून कुणी म्हातारबुवा म्हणाले, "हळू गं, लग्नाला निघालीस का?" बाया हसल्या. मग आई आली. तिने पाय उचलला, जुवाला लागला आणि जू धाडकन खाली पडलं. हसणं तिथल्या तिथे तुटलं. सगळे मागे सरले.

"अगं बया, हिला गाठ!" चुलती ओरडली.

"काटा हाय ओ जाऊबाई! अवधान आलंय नुसतं. पाय तर बगा!" आईने टाच वर धरली. एका पायावर उभी, डोलत.

कुणीसुद्धा वाकलं नाही.

"म्हातारीबी काटाच म्हनत हुती," चुलती म्हणाली.

म्हातारी म्हणजे लोणावळ्याच्या बाजारात मोळ्या विकणारी एक एकटी बाई. तिला परवाच पलीकडे घातली होती. तिला खरंच ताप होता, गाठ होती, आणि तीही काटा काटा म्हणूनच रडली होती.

आईने गोधडी उचलली आणि लंगडत ओढ्याकडे निघाली. मी धावले, तर चुलतीने दंड पकडला. तिची नखं उमटली मला. एवढी वर्षं विचार करते, त्या पकडीत माया होती की भीती? दोन्ही असेल.

वडील घाटात रेल्वेच्या गँगवर होते. निरोप गेल्यावर आले, तसेच ओढ्यावर गेले, एक पाय पाण्यात घातला आणि थांबले. पलीकडे गेले नाहीत. धोंड्यावर बसून मुंडाशात तोंड खुपसलं. मोठा धिप्पाड माणूस हो.

रोज भाकरी ओढ्याकाठच्या खडकावर ठेवायची आणि हाक मारायची. "आई!" म्हणून ओरडायचे. ओ येईपर्यंत नुसता पाण्याचा आवाज. मग तिकडून बारीकसा "व्हय" यायचा.

एके दिवशी ती बाहेर आली आणि ओरडली, "काटा निगाला!" पाय गुडघ्यापर्यंत उचलून दाखवला. मी टाळ्या पिटल्या. चुलतीने हाक दिली, "मग ये की! कपडे तिकडंच जाळ, अंगूळ कर नि ये!"

"म्हातारी हाय अजून."

"असू दे. तुला काय करायचंय?"

"पानी मागती ती."

आणि आत गेली. खरी भीती मला त्या क्षणी वाटली. इतके दिवस तिला काही झालेलंच नव्हतं. आता त्या म्हातारीपाशी बसून होईल. तिचा रागही आला, आमच्यापेक्षा ती मोळीवाली मोठी का म्हणून.

म्हातारी गेली. आई आणखी काही दिवस तिकडेच एकटी राहिली आणि मग आली. पुन्हा जू मांडलं. तिने ओलांडलं. पहिला हात चुलतीने पुढे केला, पण अर्ध्यावरच थांबवला.

"चावत न्हाई मी," आई म्हणाली.

पुढे माझं लग्न ठरल्यावर मी तिला विचारलं, "तुला भ्या नाही वाटलं?"

"लय वाटलं. दिसभर काखा चाचपत बसायची. पळायला निगालेबी हुते. पर हिकडं येवढी मानसं हुती, कुनी माजा पाय बगितला का? तिनं बगितला. अंगात फनफनता ताप, आन माजी टाच मांडीवर घेऊन रुईचा चीक लावत बसली. काटा तिनंच काढला. मग तिला पान्याबिगर कशी टाकू, सांग."

ओढ्याच्या या काठावरची माणसं वाईट नव्हती. त्यांच्यातच मी वाढले, त्यांच्याच हातची भाकरी खाल्ली. आता माझ्या घरात कुणी लंगडत आलं की मी आधी खाली वाकते आणि टाच बघते. पण वाकण्याआधी पाऊल थोडं मागे सरतंच. ते अजून सुटलेलं नाही.