मागे सरकल्यावर दिसणारा चेहरा

पेंटरांना मी ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एका जिन्यावर समोरासमोर दारं, एवढाच काय तो संबंध. त्यांचं लहानपण कुठे गेलं, बायको कशाने गेली, रंगाचा ब्रश पहिल्यांदा हातात कुणी दिला, यातलं मला काहीच सांगता येणार नाही. विचारावं असं कधी मनात आलंच, तर नेमकं गॅसवरचं दूध आठवायचं आणि मी आत पळायचो. परवा त्यांच्या मुलीने ते गेल्याचं कळवलं आणि वर म्हणाली, "काका, बाबांचं तिकडचं सगळं तुम्हालाच माहीत." हिला कसं सांगावं की मला फक्त त्यांच्या फोनची गोष्ट माहीत आहे? लिहिण्याची मला सवय नाही. तरी तेवढी लिहून ठेवतो.

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारे. उमेदीत असताना त्यांनी मजलेच्या मजले उंच भिंतींवर जाहिराती रंगवल्या. पुढे छापील फलक आले आणि भिंती हातच्या गेल्या. मग ते दारावरच्या छोट्या पाट्या करू लागले. आमच्या इमारतीतल्या बहुतेक दारांवरची नावं त्यांच्याच हातची. माझी पाटी करताना मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. चार फटकारे मारायचे, ब्रश दातात धरायचा आणि उलट्या पावली मागे जायचं, पार कठड्याला पाठ टेकेपर्यंत. तिथून एक डोळा बारीक करून बघायचं आणि परत पुढे यायचं.

मी म्हटलं, "अहो, वीतभर पाटी ती. तिला कशाला एवढं अंतर?"

"भाऊ, जवळून नुसता रंग दिसतो. अक्षर दिसायला मागे यावं लागतं. भिंतीवर चढलेल्या माणसाला काय दिसतं? आपलंच नाक."

फोनवरून मात्र आमचं कधी पटलं नाही. माझे मोतीबिंदू काढून झाले तरी बारीक अक्षरं मला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात. म्हणून मी दुकानातला सगळ्यात मोठा फोन उचलला होता. पेंटरांचा मात्र तळहातात लपेल एवढा. कोपऱ्याला तडा गेलेला, पाठीवर पिवळ्या रंगाचा वाळलेला थेंब. शिडीवर एक हात शिडीला लागतो, उरलेल्या एका हाताच्या अंगठ्याने सगळी काच गाठता आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शिडी सुटून बरीच वर्षं झाली, पण म्हणणं काही सुटलं नव्हतं.

जिन्यात भेटलो की ते म्हणायचे, "काय भाऊ, पाटी-दप्तर घेऊन शाळेत निघालात?"

"तुमच्या काडेपेटीत काड्या शिल्लक आहेत ना?" मी विचारायचो.

आमचं बोलणं बहुतेक एवढंच.

मग पेंटर ठेचकाळू लागले. जिन्यातली बादली लाथेने उडवली. अर्ध्या उघड्या दारावर खांदा आपटला. मी त्यांच्या कोपराशी ठेवलेला चहा त्यांनीच सांडला आणि वर मलाच विचारलं, "चहा देणार होतात ना?" पण औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं मात्र घडाघडा वाचायचे. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई तोंडावर म्हणाली, "पेंटर, तुमचं हे सोंग आहे बरं का. सुईत दोरा ओवता आणि बादली दिसत नाही?"

शेवटी ते डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथे त्यांची हनुवटी एका यंत्रात टेकवली, हातात बटण दिलं आणि सांगितलं, ठिपका चमकला की दाबा. पेंटर अंगठा सरसावून बसले. "भाऊ, ठिपका चमकतच नव्हता. मी म्हटलं, बाई, तुमचं मशीन बिघडलंय." डॉक्टरीणबाईंनी कागद काढून दाखवला. सगळीकडे काळं आणि मधोमध एक पांढरं भोक. काचबिंदू. कडेची नजर गेली होती, मधली तेवढी उरली होती. गेलेली परत येत नाही, थेंब घाला, आहे ती टिकवायचा प्रयत्न करू, असं त्या म्हणाल्या.

मला हे सांगताना त्यांनी वर्तमानपत्राची सुरळी करून माझ्या डोळ्याला लावली. "आता बघा. असं." सुरळीतून मला त्यांचं फक्त नाक दिसलं.

मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. तिला त्यांनी एवढंच सांगितलं, "डोळे जरा अधू झालेत, थेंब चालू आहेत." खोटं काहीच नव्हतं त्यात. मी म्हटलं, सगळं सांगून टाका. ते म्हणाले, "सांगितलं की ती नोकरी सोडून इथे येऊन बसणार. आणि येऊन करणार काय? थेंब काय, माझे मी घालतो."

खरं तर तेव्हा त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. कारण सुट्टीच्या दिवशी सकाळी नातीचा फोन यायचा, आणि त्या एवढ्याशा काचेत ती अख्खी मावायची. भांगापासून हनुवटीपर्यंत. ते फोन हातभर लांब धरायचे आणि म्हणायचे, "माझ्या खिडकीत बरोबर बसते बघा. जशी काही मापाने केलीय." बाकी जग कडेने झिजत चाललं होतं, त्याची त्यांनी तक्रार केली नाही. एवढी खिडकी उघडी राहावी, तीत ती दिसावी, इतकंच त्यांना हवं होतं.

आणि मग फोनच म्हातारा झाला. साधं बोलणं व्हायचं, पण समोरासमोर दिसून बोलायची सोय बंद पडली. काचेवर पाटी यायची की हा फोन आता चालणार नाही, नवा घ्या. मुलीने ऐकलं आणि लगेच नवा पाठवून दिला. "बाबा, तुमच्या डोळ्यांना ताण नको. मिळतो त्यातला सगळ्यात मोठा घेतलाय." आजार म्हशीला आणि औषध पखालीला, पण पोरीची माया पाहून बोलायचं तरी काय? माझ्याही फोनहून तो दोन बोटं मोठा होता. पेंटरांनी खोक्यातून काढला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "भाऊ, आता मीही शाळेत."

पहिला फोन आला तेव्हा मी तिथेच होतो, बटण कुठलं दाबायचं ते दाखवायला.

"आबा, मी दिसते का?"

"दिसतेस की."

"मग माझ्याकडे बघ ना. काय शोधतोयस?"

पेंटरांची नजर काचेवर वणवण फिरत होती. एक डोळा सापडला तर दुसरा हरवायचा. कपाळावरून खाली येईपर्यंत ओठ कुठे होते ते विसरायला व्हायचं. चेहरा सगळा समोर होता आणि त्यांच्या हाती लागत होते त्याचे तुकडे.

"आई, बघ ना! आबा माझ्या कानाशी बोलतोय!" नात खिदळली. पेंटरही हसले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ ते त्या काळ्या काचेवरून अंगठा फिरवत बसले. अंगठा काही पलीकडच्या कडेला पोचत नव्हता.

आम्ही लहान फोन शोधायला निघालो. जिन्यात त्यांनी माझा दंड धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही. पहिल्या दुकानातल्या माणसाने विचारलं, "काका, लहान कशाला? लोकांना सिनेमा बघायचा असतो."

"मला सिनेमा नाही बघायचा. एकच माणूस बघायचंय. आणि तेही लहान आहे."

"मग मोठ्यात मोठं दिसेल की!" तो म्हणाला, आणि दुकानातले सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते, मलाही हसू आलं. पुढच्याने खेळण्यांच्या दुकानात बघायला सांगितलं. एकाकडे बटणांचा छोटा फोन होता, पण त्यात चेहरा दिसत नाही. जुन्या वस्तू विकणाऱ्याकडे अगदी त्यांच्या काडेपेटीचं भावंड मिळालं. पेंटरांनी ते ओंजळीत घेतलं. चालू केलं तर त्यावरही तीच पाटी, हा फोन आता चालणार नाही.

एका दुकानातल्या मुलीने मन लावून ऐकून घेतलं आणि युक्ती दाखवली. चित्र चिमटीत धरून लहान करायचं, ते एका कोपऱ्यात जाऊन बसतं. आम्ही खूश होऊन घरी आलो. पण ते लहान झालेलं चित्र त्या मोठ्या काचेत पेंटरांना सापडेना. बोट लागलं की ते परत अंगावर यायचं, नाहीतर सरकून दुसऱ्याच कोपऱ्यात जायचं. एकदा ते बराच वेळ लाडाने बोलत होते. मी वाकून पाहिलं तर समोर घड्याळाचे आकडे होते.

"पेंटर, ती वरती आहे."

"अस्सं होय," ते म्हणाले. "मला वाटलं, आज गप्प गप्प का आहे."

मग एका सकाळी त्यांनी माझं दार ठोठावलं. चेहऱ्यावर उजेड. "भाऊ, मी गाढव आहे. सगळा जन्म जे केलं तेच विसरलो." त्यांनी फोन त्यांच्या खोलीतल्या फडताळावर डब्याला टेकून उभा केला होता. फोन आला तसे ते उलट्या पावली मागे सरकू लागले. खोली संपली, उंबरा आला. उंबरा ओलांडून जिन्याची मोकळी जागा, मग माझं दार, माझी खोली. माझ्या पलंगाला पाय लागले तेव्हा ते थांबले. एक डोळा बारीक केला.

"आली," ते म्हणाले. "अख्खी आली, भाऊ."

पण इकडून त्यांना ती दिसली तरी तिकडून तिला ते मुंगीएवढे दिसत होते, आणि आवाज दोन खोल्या ओलांडून पोचत नव्हता. म्हणून मी फोनजवळ उभा राहिलो. पलीकडचं इकडे, इकडचं पलीकडे.

"काय म्हणाली?" माझ्या खोलीतून हाक यायची.

"दात पडला म्हणते!"

"कुठला?"

"पुढचा!"

"तिला म्हणावं, हस. दिसतंय मला."

नात हसली, पण माझ्याकडे बघून. मुलांचं तसंच असतं, समोर दिसेल त्याच्याशी बोलतात. तिने मला शाळेतली बाई कशी ओरडते ते करून दाखवलं. बाहुलीचा तुटलेला हात दाखवला. "आबाला बोलवा ना," आधी म्हणायची. मी हाक मारायचो, पेंटर लगबगीने यायचे, आणि जवळ आले की पुन्हा तिचा कान, तिची भुवई, तिच्या फ्रॉकचं बटण. परत मागे जायचे. "आबा, सारखा पळून का जातोस?" पुढे पुढे ती विचारेनाशी झाली. "शेजारचे आजोबा, तुम्हीच ऐका," म्हणायला लागली. मी तोंड कुठे लपवावं, मला कळेना. मागे माझ्या पलंगाला टेकून पेंटर बघत होते, आणि मी त्यांच्या नातीशी बोलत होतो.

मुलीला हा प्रकार कळल्यावर ती येऊन धडकली. वडील चहाचा कप चाचपडत शोधताना तिने पाहिलं. डॉक्टरीणबाईंकडचा नवा कागद तिनेच आणला. भोक आणखी बारीक झालं होतं. ती त्यांना घेऊन गेली. जाताना त्यांनी काडेपेटी खिशात घातली. बंद पडलेलीच. खाली मुलगी गाडीत सामान ठेवून घेत होती. तिला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू ते मला म्हणाले, "आता बघायला मिळेल. खरीखुरी."

तिकडची हकिकत मुलीने नंतर सांगितली. ते नातीला खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात उभं करायचे आणि स्वतः अलीकडच्या. तिला तो खेळ वाटायचा, ती पुतळा होऊन राहायची. सुरुवातीला एक खोली पुरायची. मग मधलं दार उघडायला लागलं. मग गच्चीवर जायला लागलं. पुढे गच्चीही पुरेना, आणि तेवढ्या लांबून चेहरा ओळखू येईना. थेंब चालूच होते.

माझा-त्यांचा शेवटचा फोन संध्याकाळी आला. मुलीने लावून दिला होता.

"भाऊ, नुसती मिशी दिसतेय. जरा मागे सरका."

मी फोन फडताळावर टेकवला आणि मागे झालो.

"आणखी."

खोली संपली. मी उंबऱ्याबाहेर आलो.

"आणखी थोडे."

जिन्याची मोकळी जागा संपली. पाठीला कुलूप टोचलं.

"पाठीला दार लागलं हो!" मी ओरडून सांगितलं.

"कुणाचं?"

"तुमचंच."

"बरं. मग राहू द्या," ते म्हणाले. "जेवलात का?"

"अजून नाही."

"मग जेवून घ्या. जिन्यात गार असेल. आत जा आणि दार लावून घ्या."

"हो," मी म्हटलं. "लावतो."