दादांचा ताशा कुणाच्या गळ्यात

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तो पथकात नाही, त्याला ढोल आणि पिंप यांतला फरक कळत नाही, म्हणजे त्याला सांगून काही आभाळ कोसळलं नसतं — तरी नाहीच सांगितलं. आत्ता लिहायला बसले तर दोनदा उठले. एकदा चहा टाकला, एकदा खाली जाऊन सायकलच्या चाकात हवा आहे का बघून आले. कशाला? कुठे जायचं होतं मला रविवारी सकाळी? असो. सांगते.

आमचं ढोल-ताशा पथक आहे, अ‍ॅमस्टरडॅममध्ये. बरेचसे लोक झुइडासच्या ऑफिसांमधले, आठवडाभर स्क्रीनपुढे बसून मान आखडलेले. काही विद्यार्थी. इथे कायमचं कोण राहतं हो? कुणाचं प्रोजेक्ट संपतं, कुणाची बदली होते, कुणाचे आईवडील तिकडे थकतात. सतत कुणीतरी चाललेलं असतं. म्हणून अविनाशदादांनी — पथक त्यांनीच उभं केलं, पहिला ताशा विमानात मांडीवर घेऊन आणला — निरोपाची एक रीत घालून दिली. जाणाऱ्याने मोकळ्या मैदानात शेवटचं वाजवायचं, आणि ठेका चालू असतानाच आपलं वाद्य उतरवून दुसऱ्याच्या अंगावर चढवायचं. कुणाला द्यायचं ते जाणाऱ्याने ठरवायचं. घेणाऱ्याला ते तिथेच कळतं, आधी नाही. बाकीच्यांनी वाजवत राहायचं. एकदा एकाची ढोलाची गाठ कमरेवरून सुटेचना. तो रडतोय, गाठ ओढतोय, आणि आम्ही आपले बडवतोय बडवतोय, हात गळून पडायची वेळ आली. पण ठेका तुटू दिला नाही.

मग एका उन्हाळ्यात दादाच निघाले. कंपनीने त्यांची अख्खी टीम बंद केली, आणि ते नाशिकला परत जायचं म्हणू लागले. दादांचा ताशा म्हणजे पथकाचा पुढचा ताशा. तो इशारा देतो, ढोल त्याच्या मागे जातात. तो कुणाच्या गळ्यात पडणार?

माझ्याच. मला तर प्रश्नच वाटत नव्हता. पथक सुरू झालं तेव्हापासून दादांच्या डाव्या हाताला मी उभी. तिसरा ताशा होता सायलीचा, पण सायली म्हणजे — टिलबर्गला पीएचडी करणारी मुलगी, दर रविवारी ट्रेनने यायची, ताशा पाठीवरच्या सॅकमध्ये, दर वाक्याआधी ‘सॉरी ताई’. मी तिला डबा द्यायचे. लाडाने, हो. ती माझ्यापुढे जाईल असं मनात आलं असतं तर दिला असता का? माहीत नाही.

निरोपाच्या थोडे दिवस आधी दादा मला स्टेशनच्या बाहेर भेटले. कॉफी घेऊन दिली. म्हणाले, “मंजू, कुणाला बोलू नकोस. ताशा सायलीला देतोय. तू छान वाजवतेस, पण तू लयीत पुढे पळतेस गं. ती ढोलांसाठी थांबते. तू तिच्या पाठीशी राहा, मग मला इथली काळजी नाही.”

“अरे वा! छानच की,” मी म्हणाले. हसून म्हणाले हो! आणि मग बुइटनव्हेल्डर्टला घरी येईपर्यंत सायकल अशी हाणली की एका आजीने मागून मला डचमध्ये यथेच्छ शिव्या घातल्या. तळपायाची आग मस्तकात गेली होती. मला बाजूला सारलं, आणि वर मलाच सांगतात पाठीशी राहा? आणि सगळ्यात वाईट काय माहितेय? ते बरोबर होते. मी पळतेच. मला तेव्हाही ठाऊक होतं.

आता इथे थांबावंसं वाटतंय. इथपर्यंत मी नुसती दुखावलेली बाई आहे. दुखावण्यात काय पाप आहे?

मैदानाची परवानगी खेमेंटेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, मी काढायचे. पथकात बरं डच माझंच. या वेळचीही परवानगी मिळाली होती. वेळ ठरली होती, आवाजाच्या अटी कळल्या होत्या, सगळं झालं होतं. आणि मी ग्रुपवर टाकलं की खेमेंटेने नाही म्हटलं. शेजाऱ्यांच्या तक्रारी आहेत म्हणे. मग खेमेंटेला कळवलं की आम्हाला मैदान नको. दोन्ही मिळून किती वेळ लागला असेल? भात शिजत होता, शिट्टी व्हायच्या आत झालं.

मला वाटलं होतं कुणीतरी खोदून विचारेल. छे! खेमेंटेने नाही म्हटलं यावर इथे कुणाचाही झटकन विश्वास बसतो. सगळ्यांनी खेमेंटेच्या नावाने बोटं मोडली. कुणी म्हणालं, आपण सराव करतो त्या गोदामातच निरोप करू. त्या गोदामात ढोलांवर चादरी टाकून वाजवावं लागायचं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी लगेच लिहिलं, ‘चादरी टाकून निरोप? आणि तोही दादांचा? शोभतं का आपल्याला?’ त्यावर धडाधड बदाम आले. दादांच्या मानासाठी मीच भांडतेय असं दिसलं. मला ते आवडलंसुद्धा. खरंच आवडलं होतं.

निरोप एका हॉलमध्ये झाला. बटाटेवडे, शाल, श्रीफळ, भाषणं. वाजवायला बंदी. ज्या माणसाने इतक्या जणांना वाजवत वाटेला लावलं, तो खुर्चीत शाल पांघरून बसला होता आणि लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते. शेवटी दादांनी ताशा पिशवीतून बाहेर काढला, इकडेतिकडे पाहिलं, आणि टेबलावर ठेवला. वड्यांच्या ताटाशेजारी. मग मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “ठेक्याशिवाय मी नाही देणार तिला. पुढच्या वेळी परवानगी मिळाली ना, की माझ्या वतीने तूच घाल तिच्या गळ्यात. आणि मंजू, तू एवढी धडपडलीस माझ्यासाठी. विसरणार नाही.”

मी ताशा घरी आणला. नंतर परवानगी मिळाली — मिळायचीच होती, मी मागितली की मिळायची. आम्ही मैदानात उभे राहिलो आणि मी ताशा स्वतःच्या गळ्यात घातला. कुणाला काही वावगं वाटलं नाही. सायली तर म्हणाली, “ताई, तुम्हालाच शोभतो.” मनापासून म्हणाली हो ती!

हेही मी कदाचित कधीतरी कुणाला सांगून टाकलं असतं. हेव्याची गोष्ट, माणूस म्हटलं की होतं, लोक समजून घेतात. पुढचं मात्र कुणी समजून घ्यावं असं नाही.

दादांचा नाशिकहून फोन आला. “दिलास का गं सायलीला?”

मी स्वयंपाकघरात उभी होते. खरं सांगायची ती वेळ होती. अजून काहीच बिघडलं नव्हतं, पुढच्या रविवारी देऊन टाकला असता तर दादांना आधीचं कळलंसुद्धा नसतं. आणि मी म्हणाले, “दादा, मी देत होते. ती नको म्हणाली. म्हणाली, पीएचडीचं काम आहे, असली जबाबदारी नको.”

दादा एवढंच म्हणाले, “बरं. तिची मर्जी.” आवाज पडला होता. त्यानंतर त्यांनी तिची कधी चौकशी केली नाही. माझी करतात. दर दिवाळीला फोन करतात, पथक सांभाळतेस म्हणून कौतुक करतात, आणि मी ते ऐकून घेते.

सायली काही महिने येत राहिली, मग कमी झाली, मग यायची थांबली. तिला निरोप दिला नाही. आता निरोप कुणाचा करायचा ते मी ठरवते ना! बाकीच्यांचे करते. ठेका धरते, रडणाऱ्यांच्या पाठीवर हात फिरवते. सायलीच्या वेळी मी म्हणाले, ती कुठे गाव सोडून गेलीय?

गेल्या गणपतीत ती आली होती, नुसती बघायला. टिलबर्गलाच नोकरी करते आता. मिरवणूक निघायच्या आधी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. दादांचा ताशा माझ्या गळ्यात होता. हळूच म्हणाली, “सॉरी ताई, एक विचारू? दादांना माझं वाजवणं आवडायचं नाही का हो? इथे असताना किती शिकवायचे मला. गेल्यावर मी मेसेज केले, तर नुसतं ‘ठीक आहे’ एवढंच. माझं काही चुकलं का?”

एका वाक्याचं काम होतं. त्यांनी तुलाच निवडलं होतं गं. एवढंच. आजूबाजूला कुणी ऐकणारंही नव्हतं, जो तो आपापल्या ढोलाच्या दोऱ्या ताणत होता.

मी म्हणाले, “अगं, दादा तसेच आहेत. मनाला लावून घेऊ नकोस.”

“हं,” ती म्हणाली. मग तिला दिसलं की माझ्या ताशाचा पट्टा मानेमागे पिळला गेलाय. “थांबा ताई, काचेल,” म्हणून तिने तो दोन्ही हातांनी सोडवला, सरळ केला, माझ्या खांद्यावर नीट बसवून दिला. मी तिला थँक्यू म्हणाले आणि वाजवायला गेले.