खिशातला शंख

नगरहून निघालेल्या सहलीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर जेवणाचा डबा. नाव मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. कोकणातल्या त्या राखीव, खडकाळ किनाऱ्यावर उतरल्यावर ते डबक्यातला एकेक दगड उचलून खालचे खेकडे बघायचे आणि दगड होता तसाच, हलक्या हाताने परत ठेवायचे.

इथून शंख-शिंपले न्यायचे नाहीत, असं तिथला गार्ड बजावत होता आणि आमची मंडळी त्याच्यावर तोंडसुख घेत होती. मीही दोन शब्द सुनावले, कारण एक शंख केव्हाच माझ्या खिशात गेला होता.

ते गार्डला म्हणाले, "मनावर घिऊ नका. आमच्या डोंगरावर कुऱ्हाडबंदी झाली तवा मीच सरपंचाला लई शिव्या घातल्या हुत्या. आता पाव्हनं आलं की पयला त्योच डोंगर दावतो."

सगळे हसले आणि पांगले. मी मागे रेंगाळलो. कुणी बघत नाही असं पाहून शंख जिथून उचलला होता त्या खाचेत ठेवला.

मागून एक हात आला. त्यांनी शंख उचलला, पालथा केला आणि परत खाचेत ठेवला.

म्हणाले, "असा हुता."