लाल चिंधीची बकरी

बीटी कपाशीचे परिणाम तपासायला मी राळेगावच्या वावरांतून महिनाभर फॉर्म घेऊन हिंडलो. वेचणी झालेल्या एका वावरात एक म्हातारी रोज बकऱ्या चारायची. तिचं नाव मी विचारलं नाही, कारण फॉर्मवर तो रकाना नव्हता. ती आधी आभाळाकडे बघायची, मग बकऱ्यांकडे आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे.

एक बकरी मात्र कायम बाभळीला बांधलेली असायची. शिंगाला लाल चिंधी, पुढ्यात बाभळीच्या शेंगा.

"ही आजारी आहे का, आजी?"

"नाही बाबू. हिले कपाशी नाही चारत मी. बाकीच्याईले काही झालं, तं ते कपाशीनं झालं का हवेनं, कसं समजन?"

तुलनेसाठी एक गट वेगळा ठेवायचा, हेच शिकवायला आमच्या सरांना दोन तास लागले होते.

"तुह्या घरी कोणतं तेल असते?" तिनं विचारलं.

"सरकीचं."

"म्हंजे याच कपाशीचं. आमच्या गावातबी सारे तेच खातेत." तिनं माझ्या फॉर्मकडे बोट केलं. "मंग माणसाईत चिंधी कोणाले बांधली?"

मी फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.