नवी सिस्टिम टाकली आणि मशीन उठेना

दुरुस्त झालेलं मशीन गिऱ्हाईक घरी घेऊन जातं, त्याची गोष्ट मात्र दुकानातच राहते. बारामतीत सुषमानं आणि मी, आम्ही दोघींनी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं, त्याला आता आठ वर्षं होतील. सुषमा माझी कॉलेजातली मैत्रीण, रोज इंदापूरहून एसटीनं येते. आमच्याकडची निम्मी मशीनं एकाच तक्रारीची असतात: नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि तेव्हापासून चालूच होत नाही. चहाला बसलो की एकातून एक गोष्ट निघत जाते.

*

अंथुर्ण्याच्या एका तात्यांनी व्हिडिओ बघून स्वतःच सिस्टिम टाकली होती. पेन ड्राइव्ह लावला तरच मशीन सुरू व्हायचं. तात्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ट्रॅक्टरला किल्ली लागते, तशी यालाही लागत असेल! पेन ड्राइव्ह घराच्या किल्ल्यांत अडकवून ते गावभर फिरायचे. एक दिवस जावई तो घेऊन प्रिंट काढायला गेले आणि इकडे मशीन ठप्प.

सिस्टिम सुरू करणारा भाग हार्ड डिस्कऐवजी पेन ड्राइव्हवर बसला होता. मी तो डिस्कवर बसवून दिला आणि आता किल्ली लागणार नाही म्हणून सांगितलं. तात्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजी आता कुणीबी चालू करंल की."

*

एक साहेब कॉम्प्युटरचं कॅबिनेट घेऊन आले. नवी सिस्टिम टाकल्यापासून पडदा काळा. दुकानात सुषमा एकटीच होती. साहेब तिला मशीनला हात लावू देईनात, सर कुठे आहेत म्हणून विचारू लागले. सर जेवायला गेलेत, तोवर नुसतं उघडून ठेवते, असं तिनं सांगितलं. आत डिस्कची वायर सैल झाली होती. ती घट्ट बसवली, दोन सेटिंग बदलली, मशीन सुरू. साहेबांची नजर अजून दारावरच.

"सर कधी येणार?"

"मशीन चालू झालं की ते येत नाहीत," सुषमा म्हणाली.

*

भिगवणच्या मासे व्यापाऱ्याचं मशीन आमच्याकडे तीनदा आलं. दुकानात बटण दाबलं की लगेच सुरू, घरी नेलं की बंद. तिसऱ्या वेळी मी चिडून स्कूटीवरून भिगवणला गेले. बघते तर मशीनला प्रिंटर जोडलेला आणि प्रिंटरच्या खाचेत फोटोंचं कार्ड. नव्या सिस्टिमनंतर मशीन सुरू होताना आधी त्या कार्डातच सिस्टिम शोधत बसायचं. कार्ड काढलं, आधी कुठे शोधायचं तो क्रम बदलला, झालं. व्यापारी आपले शांतपणे म्हणाले,

"मॅडम, माशाला काय झालंय ते पान्यात बघावं. पाटीत घालून आणला की सगळे सारखेच दिसत्यात."

तेव्हापासून आम्ही गिऱ्हाइकाकडून आधी घरच्या टेबलाचा फोटो मागवतो.

*

निरवांगीच्या अश्विनीला सुषमानं नवी सिस्टिम टाकून दिली होती. अश्विनीला त्या दिवशी अकरा वाजता ऑनलाइन मुलाखत द्यायची होती. नोकरी घरी बसून करायची, अशी संधी पहिल्यांदाच आलेली. सकाळी ती दाखला आणायला इंदापूरला गेली. सुनेची तयारी म्हणून सासूबाईंनी मशीन लावून ठेवायला घेतलं आणि पडदा काळा. दहा वाजता त्यांचा फोन आला.

"ताई, ह्ये काय उठंना. पोरगी इल आन् रडत बसंल."

व्हिडिओ दिसेल इतकी रेंज नव्हती. सासूबाई, म्हणजे आमच्या काकू, मराठी वाचायच्या, इंग्रजी अक्षर एक नाही. सिस्टिम टाकायचं काम सुषमाचं होतं. तिनंच फळीवरून तसलंच एक मशीन काढून माझ्यासमोर लावलं. मी इथे जे बटण दाबायचे, ते वरच्या ओळीत कितवं आहे हे मोजून काकूंना सांगायचे. बटण हुकलं की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या की निळ्या चौकटीत तीन ओळी आल्यात. माझ्यासमोरच्या मशीनवर डिस्कचं नाव असलेली ओळ सर्वांत लांब होती, म्हणून सर्वांत लांब ओळ कितवी, विचारलं.

"खालची. पार कडंपत्तूर गेली हाय."

खालच्या बाणाचं बटण दोनदा, मग उजवीकडचं मोठं बटण एकदा, मी सांगितलं. सुषमानं माझा दंड धरला होता. मग फोनवर मशीनची सुरू होतानाची धून वाजली.

काकू काही बोलण्याआधीच तिकडे दार वाजलं. अश्विनी धापा टाकत आत आली होती. आपल्याशिवाय हे कुणी चालू केलं, कुणी आलं होतं का, असं ती विचारत होती. फोन चालूच होता, आम्ही दोघी कान लावून होतो.

"कोन येतंय हितं? म्या केलंय," काकू म्हणाल्या. "तोंड धू आन् बस."