खरा आकडा, नाहीतर बोंब

आमच्या बाईंना 'बघते' म्हणता येत नसे. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात काहीही विचारा, सगळे 'बघतो', 'होऊन जाईल' म्हणून मोकळे. बाई मात्र चष्मा कपाळावर चढवून ताबडतोब सांगत, "जमेल," किंवा "नाही जमणार, आणि का ते ऐक." ते 'का' ऐकेपर्यंत चहावर साय धरायची. बोरिवलीत त्यांच्या सोसायटीने त्यांना मोठ्या हौसेने सेक्रेटरी केलं आणि वर्षभरात हात जोडले.

प्रोग्राम लिहितानाही तोच खाक्या. प्रोग्राममधलं प्रत्येक सुटं काम, म्हणजे मेथड, हा बाईंच्या लेखी करार होता. "तू मला अमुक दे, मी तुला तमुक देईन. नाहीच देता आलं तर एक्सेप्शन फेकीन, म्हणजे काम तिथल्या तिथे थांबवून बोंब मारीन. गप्प बसून भलतंच हातात ठेवणार नाही." कुणी एक्सेप्शन पकडून गुपचूप गिळून टाकलं, की बाई त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहत. "पचलं का रे?" एवढंच विचारत.

मुलुंडच्या एका रक्ततपासणी लॅबचं काम आम्हाला मिळू घातलं होतं. ते गेलं तर ऑफिसला टाळं, हे शेठनी सगळ्यांना बजावलं होतं. यंत्राकडून आकडा आणणाऱ्या मेथडचा करार बाईंनी मूळ क्लासमध्येच, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या सामाईक साच्यातच, लिहून ठेवला होता: खरा आकडा, नाहीतर बोंब. आमच्यातल्या नीलेशने त्या क्लासच्या पोटी, बापाचे सगळे करार वारशाने घेणारा, नव्या यंत्राचा क्लास काढला आणि वायर निसटली तर खुशाल शून्य द्यायचं ठरवलं.

"बाई, डेमोत बोंब होऊन पडदा लाल झाला तर वाट लागेल ना."

"मेल्या, बापाने पाहुण्यांना जेवण कबूल केलंय. तू त्याचा पोरगा. वर श्रीखंड वाढ, माझी ना नाही. पण रिकामं ताट पुढे सरकवून जेवा म्हणू नकोस."

मग शेठ स्वतः आले. "बाई, एक दिवसापुरतं शून्य राहू द्या. ऑफिस माझं आहे."

"ऑफिस तुमचं, रक्त लोकांचं. शून्य ठेवायचं तर डेमो तुम्ही करा."

शेठना माउससुद्धा धड धरता येत नसे. शून्य गेलं.

डेमोला लॅबचे म्हातारे डॉक्टर समोरच बसले. पहिला आकडा झकास आला. शेठ हसू लागले. तेवढ्यात डॉक्टर उठले, यंत्रामागे गेले आणि शांतपणे वायर उपटली. पडदा लालभडक. 'यंत्राकडून आकडा आला नाही. रिपोर्ट देऊ नका.' शेठचं हसू ओठांवरच वाळलं. नीलेश बुटाची सुटलेली नसलेली नाडी बांधू लागला.

"तुमच्याआधी जे जे आले," डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या पडद्यावर वायर काढली की पोटॅशियम शून्य. शून्य पोटॅशियमचा माणूस मी जिवंत पाहिलेला नाही, मेलेलाही नाही. काम तुमचं."

"आमची ती पॉलिसीच आहे, डॉक्टर," शेठ म्हणाले. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

बाई आता निवृत्त होऊन मालवणला असतात. लॅबचं काम नीलेश बघतो. परवा त्याच्याबरोबर गेलो, तर पडदा लाल झाला होता. बाईंना कधी न पाहिलेली तिथली एक मुलगी दुसरीला म्हणाली, "थांब गं, बाई ओरडल्या," आणि तिने नमुना पुन्हा लावला.